हजेरीपट आणि ऑनलाइन शाळा

शाळेंत पाऊल ठेवल्यावर विद्यार्थ्याच्या कानीं जो शब्द प्रथम पडतो, तो बहुधा त्याचें स्वतःचें नांव असतें. गुरुजी नांव उच्चारतात, विद्यार्थी "हजर" असें उत्तर देतो, आणि पटावर एक खूण उमटते. ही क्रिया इतकी नित्याची आहे कीं, तिचा अर्थ काय याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. परंतु ज्या शाळेस भिंती नाहींत, बांक नाहींत, घंटा नाहीं, आणि जींत गुरुजी एका गांवीं तर विद्यार्थी दुसऱ्या गांवीं बसतो, तेथें "हजर" या शब्दाचा अर्थ काय करावयाचा? सरकारी खर्चानें चालणाऱ्या ऑनलाइन शाळेचे हजेरीचे नियम कसे असावे, हा प्रश्न येथूनच उत्पन्न होतो, व त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पनवेल तालुक्यांतील विचुंबे व तत्सम गांवांच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटूं नये. आज हायस्कुलाच्या वर्गांत बसणारीं मुलें २०२० सालीं प्राथमिक शाळेंत होतीं, आणि त्यांच्या शिक्षणाचीं दोन वर्षें पडद्यासमोर, किंवा पडद्याच्या अभावीं, गेलेलीं आहेत. तेव्हां जें घडलें त्याचा नीट हिशेब मांडल्यावांचून पुढील काळाचे नियम शहाणपणानें करतां येणार नाहींत.

हजेरीचे तीन हेतु

"हजेरी" हा शब्द अरबी "हाजिर" या शब्दावरून फारसीच्या द्वारें मराठींत आला. शाळेंत ती कशासाठीं घेतात, असें विचारल्यास तीन उत्तरें द्यावीं लागतात.

पहिला हेतु सांभाळाचा. मूल सकाळीं घरून निघालें तें शाळेंत पोंचलें कीं नाहीं, हें कोणास तरी कळलें पाहिजे. दुसरा हेतु हिशेबाचा. शाळा सार्वजनिक पैशावर चालते. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांस साधारणतः तीस मुलांमागें एक, व सहावी ते आठवीच्या वर्गांस पस्तीस मुलांमागें एक शिक्षक द्यावयाचा असतो. पट फुगला तर शिक्षक व पैसा फुकट जातो. पट घटला तर शाळेचें नुकसान होतें. तिसरा हेतु अभ्यासाचा. जो वर्गांत आहे तो शिकत असेल, निदान शिकण्याचा त्यास संभव आहे, असें आपण गृहीत धरतों.

भिंतींच्या शाळेंत हे तीनहि हेतु एकाच खुणेनें साधतात. मूल बांकावर बसलेलें दिसलें कीं तें सुरक्षित आहे, तें खरोखर अस्तित्वांत आहे, आणि तें शिकूं शकतें, या तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात. ऑनलाइन शाळेंत हे तीन धागे सुटे होतात. पडद्यावर नांव दिसतें, पण मूल खोलींत असतेंच असें नाहीं. मूल अभ्यास करतें, पण त्याचें नांव पडद्यावर येतेंच असें नाहीं. पुढील सर्व अडचणींचें मूळ या एका गोष्टींत आहे.

सक्तीचें शिक्षण व हजेरी

हजेरीचा कायदा हा सक्तीच्या शिक्षणाचा जुळा भाऊ होय. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १८९३ च्या सुमारास अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व संस्थानांत लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळापुढें प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें. जेथें ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत येत आहेत तेथेंच सक्ती करावी, अशी त्यांत सावधगिरी होती. तें १९१२ मध्यें फेटाळलें गेलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि जो पालक मूल शाळेंत पाठविणार नाहीं त्यास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळचा एक रुपया गरिबास हलका नव्हता.

पुढें दंडाची जागा हळूहळू उत्तेजनानें घेतली. १९९२ पासून महाराष्ट्रांत मागास व गरीब कुटुंबांतील मुलींस हजेरीच्या दिवसामागें एक रुपया उपस्थिति-भत्ता देण्याची योजना सुरू झाली. १९९५ सालीं केंद्र शासनानें शालेय पोषणाची योजना काढली, तेव्हां ८० टक्के हजेरी असलेल्या मुलास दरमहा तीन किलो धान्य मिळे. २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. कोल्हापूरच्या हुकुमांत गैरहजेरीस एक रुपया दंड होता. येथें हजेरीस एक रुपया बक्षीस झालें. शाळेंत न येणें हा बहुधा अपराध नसून अडचण असते, ही समजूत या बदलामागें आहे.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यानें एक महत्त्वाची गोष्ट केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची शाळेंतील उपस्थिति साधणें हें शासनाचें कर्तव्य ठरविलें, आणि प्राथमिक शिक्षण पुरें होईतों कोणत्याहि मुलास शाळेंतून काढून टाकूं नये असें सांगितलें. त्याच कायद्याच्या परिशिष्टांत वर्षाचें मापहि आहे: पहिली ते पांचवीस २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास. हे आंकडे लक्षांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडेल.

मागास भागांतील एक उदाहरणहि येथें सांगण्यासारखें आहे. रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडीं परत येतात. त्यांच्या मुलांचीं नांवें गांवच्या पटावर राहतात आणि मुलें भट्टीवर. अशा मुलांसाठीं महाराष्ट्रांत शिक्षण हमी कार्डाची सोय करण्यांत आली. तें दाखविल्यास भट्टीजवळच्या शाळेनें मुलास बसवून घ्यावें असा त्याचा हेतु. मुलानें पटाकडे यावें असें न म्हणतां पटानें मुलामागें जावें, हा विचार त्यांत आहे.

महामारीचे दिवस

मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या. त्या वर्षीं "शाळा बंद, पण शिक्षण आहे" या नांवाचा उपक्रम राज्यानें चालविला. दीक्षा हें ॲप होतें, सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" ही मालिका जुलैपासून लागली, आणि शिक्षकांनीं व्हॉट्सॲपवर वर्गावर्गांचे गट केले. जुलै २०२० मध्यें केंद्र शासनानें "प्रज्ञाता" या नांवानें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. पहिली ते आठवीस दिवसांत तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका, व नववी ते बारावीस चार, याहून अधिक वेळ मुलांस पडद्यासमोर बसवूं नये, असें त्यांत सुचविलें होतें.

आतां गणित करूं. सहावी ते आठवीच्या मुलास कायद्यानें २२० दिवसांत १००० तास शिक्षण मिळावयाचें, म्हणजे दिवसास सुमारें साडेचार तास. पडद्यासमोर मात्र फार तर दोन तासिका, म्हणजे दीड तास. २२० दिवसांचे असे ३३० तास होतात. एक हजारांतून तीनशें तीस गेले; उरलेल्या सहाशें सत्तर तासांचें काय? ते मुलानें घरीं पुस्तक वाचून, उदाहरणें सोडवून, चित्र काढून, कोणास विचारून भरून काढावयाचे. म्हणजे ऑनलाइन शाळेचा दोन तृतीयांश भाग पडद्यावर दिसणारच नव्हता. जो भाग दिसतो त्याचीच हजेरी घेतली, तर शिक्षणाच्या लहान भागावरून मोठ्या भागाचा निवाडा केल्यासारखें होतें.

आणि तो लहान भाग तरी सर्वांच्या वांट्यास कोठें आला? नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यासारख्या गांवीं पुष्कळ घरांत कर्ता पुरुष सकाळीं कामास बाहेर पडतो, आणि घरांतील एकुलता एक मोबाइल त्याच्या खिशांत जातो. दहा वाजतां वर्ग भरतो. मोबाइल सायंकाळीं सात वाजतां घरीं येतो. घरांत तीन भावंडें असलीं तर सातनंतरहि एकानेंच पाहावयाचें. त्यांतच ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत खांब व तारा पडल्या आणि कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. जून महिन्यांत शाळेचें वर्ष सुरू झालें तेव्हां तेथील मुलें ऑनलाइन वर्गास गैरहजर होतीं असें म्हणणें म्हणजे पुरांत पूल वाहून गेल्यावर पैलतीरच्या मुलास उशिराबद्दल बोल लावण्यासारखें होय. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज कांहीं तास गेली. त्या दिवशीं शहरांतील सुखवस्तु मुलांसहि कळलें असेल कीं, ऑनलाइन शाळेंत हजेरी ही केवळ इच्छेवर अवलंबून नसते.

वर्षाअखेर काय झालें? पहिली ते आठवीच्या मुलांस परीक्षेवांचून वरच्या वर्गांत घेण्यांत आलें. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली, आणि निकाल नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षांतील लेखी कामाचे ३० व तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेंचे २० गुण धरून लावला. एरव्हीं नियमित विद्यार्थ्यास परीक्षेस बसण्यासाठीं ७५ टक्के उपस्थितीची अट सांगतात. त्या वर्षीं साक्ष दिली ती मुलानें केलेल्या कामानें. ही गोष्ट नियम करणारांनीं विसरूं नये.

हजेरी मोजण्याच्या चार रीती

ऑनलाइन शाळेंत हजेरी मोजण्याच्या मुख्यतः चार रीती दिसतात.

पहिली रीत प्रवेशाची. विद्यार्थी आपलें नांव व संकेतशब्द देऊन वर्गांत शिरला कीं यंत्र त्यास हजर धरतें. ही रीत सोपी, पण सर्वांत कच्ची. दहा वाजतां पडदा उघडून खेळावयास गेलेला मुलगा तींत हजर ठरतो, आणि रात्रीं आठ वाजतां बापाच्या मोबाइलवर धडा पाहून वहीभर उत्तरें लिहिणारी मुलगी गैरहजर ठरते.

दुसरी रीत वेळेची. विद्यार्थी किती मिनिटें वर्गांत होता हें मोजावयाचें, किंवा कॅमेरा सुरू ठेवून चेहरा दाखवावयाचा. येथें लबाडीस वाव कमी. पण एका खोलीच्या घरांत आई स्वयंपाक करीत आहे, आजारी आजा निजला आहे, असें दृश्य चाळीस सोबत्यांपुढें मांडण्याची सक्ती मुलावर करणें हें त्याच्या घरच्या अब्रूस धक्का देणारें आहे.

तिसरी रीत कामाची. आठवड्याचें ठराविक काम पुरें करून पाठविलें कीं हजेरी लागली. वीज, मोबाइल व वेळ यांच्या अडचणी या रीतींत बऱ्याच कमी होतात. मात्र काम मुलानेंच केलें कीं थोरल्या भावानें, हें शिक्षकास ओळखावें लागतें.

चवथी रीत पूर्ततेची. रोजची हजेरीच घ्यावयाची नाहीं; विषय पुरा झाला कीं झाला. आपल्याकडे मुक्त विद्यालयाची पद्धति अशी आहे. १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त शाळा, जिला आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणतात, विद्यार्थ्यास पांच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधि देते. आपल्या राज्य मंडळाकडेहि सतरा नंबरचा अर्ज भरून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसतां येतें. अमेरिकेंत फ्लोरिडा राज्याची सरकारी ऑनलाइन शाळा १९९७ मध्यें निघाली. तिला पैसा मिळतो तो विद्यार्थी किती वेळ बसला यावर नव्हे, तर त्यानें अभ्यासक्रम यशस्वीपणें पुरा केला यावर. कामावर जाणाऱ्या तरुणास किंवा संसारी बाईस ही रीत फार उपकारक आहे. परंतु आठ वर्षांच्या मुलास "पांच वर्षांत केव्हां तरी पुरें कर" असें सांगून चालणार नाहीं. त्याला रोज हांक मारणारें कोणी तरी हवें.

दोन पटांची कथा

हिशेबाचा हेतु दुर्लक्षिला तर काय होतें, याचें एक उदाहरण परदेशचें व एक घरचें देतों.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत २००० सालीं "इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो" नांवाची ऑनलाइन शाळा निघाली. ती सार्वजनिक पैशावर चाले, व पटावरील विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणें तिला पैसा मिळे. शाळेचें म्हणणें असें कीं, आम्हीं वर्षास ९२० तासांचें शिक्षण उपलब्ध करून दिलें कीं आमचें काम झालें; मुलानें तें घेतलें कीं नाहीं हें पाहणें आमच्याकडे नाहीं. राज्याच्या शिक्षणखात्यानें २०१५-१६ या वर्षाची तपासणी केली. शाळेनें १५,३२२ पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा दावा केला होता. पुरावा निघाला तो ६,३१३ विद्यार्थ्यांपुरता, म्हणजे शेंकडा एकेचाळीस. २०१७ मध्यें सुमारें सहा कोटि डॉलर परत करण्याचा हुकूम झाला. जानेवारी २०१८ मध्यें वर्षाच्या मध्यावरच शाळा बंद पडली, आणि सुमारें बारा हजार मुलांस दुसरी शाळा शोधावी लागली. त्याच वर्षीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि शाळेविरुद्ध निर्णय दिला. पैसा बुडाला तो राज्याचा. पण खरी झळ लागली ती त्या मुलांस.

यावरून ऑनलाइन शाळा तेवढी लबाड, असें कोणी समजूं नये. ऑक्टोबर २०११ मध्यें महाराष्ट्र शासनानें राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांस शाई लावली. पटावर नांवें आहेत पण वर्गांत मुलें नाहींत, असा प्रकार लाखोंच्या संख्येनें उघडकीस आला. त्या शाळांस भिंती होत्या, बांक होते, घंटाहि होती. तात्पर्य, खोटी हजेरी यंत्रानें जन्मास येत नाहीं. जेथें संख्येवर पैसा मिळतो आणि मुलाची विचारपूस कोणी करीत नाहीं, तेथें ती जन्मते.

नियम कसे असावे

या सर्व विवेचनावरून कांहीं नियम सुचवितां येतात.

एक: सांभाळ, हिशेब व अभ्यास या तीन हेतूंसाठीं तीन निरनिराळ्या नोंदी असाव्या. एकाच खुणेवर तिन्ही ओझीं लादूं नयेत.

दोन: सांभाळाची नोंद रोजची असावी, पण हलकी असावी. एक निरोप, एक हांक, एक फोन पुरे. लागोपाठ तीन दिवस मुलाकडून कांहींच न कळल्यास शिक्षकानें किंवा शाळेच्या माणसानें प्रत्यक्ष घरीं जावें. जी शाळा कोणाच्याहि दारांत जाऊं शकत नाहीं, तिनें लहान मुलांचा पट घेऊंच नये.

तीन: अभ्यासाची नोंद आठवड्याची असावी व ती कामावरून घ्यावी. कागदावर लिहिलेलें काम पडद्यावरच्या कामाइतकेंच ग्राह्य धरावें. महिन्यांतून एकदां विद्यार्थ्याशीं पांच मिनिटें तोंडी बोलल्यास काम कोणी केलें हें अनुभवी शिक्षकास सहज कळतें.

चार: वीज, मोबाइल, आजार, वादळ यांमुळें झालेली गैरहजेरी वेगळ्या रकान्यांत लिहावी. हा रकाना विद्यार्थ्याविरुद्धचा पुरावा नसून शासनास केलेली मागणी आहे. ज्या गांवाचा हा रकाना भरलेला दिसेल, तेथें मोबाइल, वाचनाची खोली किंवा शिक्षक पाठवावा.

पांच: हिशेबासाठीं केवळ पटावरची संख्या धरूं नये, केलेलें काम व प्रत्यक्ष तपासणी हीं दोन्ही पाहावीं.

सहा: सक्तीच्या वयाच्या मुलाचें नांव हजेरी कमी म्हणून पटावरून काढूं नये. कायदाहि हेंच सांगतो.

कोणी म्हणेल, इतकी मोकळीक दिली तर आळशी मुलें वीज गेल्याची सबब रोज सांगतील. आक्षेप रास्त आहे; पण त्याचें उत्तर वरील दुसऱ्या व तिसऱ्या नियमांत आहे. आठवड्याचें काम आलें नाहीं तर सबब कोणतीहि असो, शिक्षक घरीं येणारच. आळशास त्याहून मोठा धाक नाहीं, आणि अडचणींतल्या मुलास त्याहून मोठा आधार नाहीं. एकाच उपायानें दोघांचें हित होतें.

विद्यार्थ्यांस दोन शब्द

नियम कितीहि चांगले केले तरी ऑनलाइन शाळेंत एक जागा अशी राहतेच, जेथें कोणाची नजर पोंचत नाहीं. त्या सहाशें सत्तर तासांचा हजेरीपट विद्यार्थ्याच्याच हातीं असतो. अशा प्रसंगीं एक लहानशी वही करावी. आज काय वाचलें, किती उदाहरणें सोडविलीं, काय अडलें, हें रोज चार ओळींत लिहावें. वर तारीख घालावी. शिक्षक भेटले कीं अडलेलें विचारावें. ज्याला पडदा मिळत नाहीं त्याच्या गैरहजेरीस वर्गसोबत्यांनीं हंसूं नये; शक्य तर शेजारच्या सोबत्यास त्या दिवसाचा अभ्यास सांगावा. शाळेच्या नियमांत हें कलम कोणी घालणार नाहीं, पण २०२० सालीं कित्येक मुलांचें शिक्षण अशा सोबत्यांमुळेंच तुटल्यावांचून राहिलें.

शाहू महाराजांच्या रुपयाच्या दंडापासून प्रज्ञाताच्या दीड तासापर्यंत हजेरीच्या नियमांनीं पुष्कळ रूपें पालटलीं. कोणताहि नियम तपासतांना एकच कसोटी लावावी: या नियमानें न आलेलें मूल सांपडतें, कीं केवळ त्याच्या नांवापुढें शून्य पडतें? जो नियम मुलास शोधावयास निघतो तो राखावा. जो शून्य घालून स्वस्थ बसतो, तो भिंतींच्या शाळेंतला असो वा ऑनलाइन शाळेंतला, बदलावा.